आकाशात इंजिन बंद पडलं तर? नसरापूरच्या रानात विमान उतरवायची वेळ आली तर पायलट काय बघतो, आणि गावानं काय करायचं

नसरापूर : २५ जुलै २०२२, सोमवार. सकाळी साडेअकराच्या सुमारास इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शिवारात एक छोटं विमान शेतात आलं. बारामतीच्या कार्व्हर एव्हिएशन या वैमानिक प्रशिक्षण संस्थेचं ते सेसना १५२ जातीचं विमान होतं. आत एकच माणूस होतं, पायलट होण्याचं शिक्षण घेणारी २२ वर्षांची तरुणी. शेजारच्या सीटवर शिक्षक नाही, एकटीनं लांबचा फेरा मारून परत यायचं, असा तिचा त्या दिवशीचा धडा होता. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, नंतर सांगितलं की इंजिनाची ताकद गेल्यामुळं बारामतीच्या धावपट्टीपासून १५ नॉटिकल मैलांवर, म्हणजे साधारण २८ किलोमीटरवर, विमान सक्तीनं उतरवावं लागलं. विमानाचं नुकसान झालं. मुलीला किरकोळ मार लागला, जीव वाचला.

मोबाईलवर बातमी फिरली ती मात्र ‘विमान कोसळलं’ अशी. कोसळणं आणि उतरवणं यात फार फरक आहे. इंजिन बंद पडलेलं विमान पायलटच्या हातात असतं. त्याला फक्त परत वर जाता येत नाही. जी काही तीन-चार मिनिटं हातात असतात, त्यात त्याला खाली एक रान शोधायचं असतं, आणि ते रान कुणाचंही असू शकतं. इंदापूरचं असेल तसं भोरचं किंवा वेल्ह्याचंही.

पुणे जिल्ह्याला ही गोष्ट नवीन राहिलेली नाही. बारामतीत वैमानिक घडवणाऱ्या संस्था आहेत आणि त्यांची छोटी विमानं रोज आसपासच्या तालुक्यांवरून घिरट्या घालतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये तर चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमानांना अपघात झाला, १९ तारखेला कटफळजवळ आणि २२ तारखेला गोजुबावीजवळ. त्यानंतर डीजीसीएनं त्या संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं होतं. इकडं लोहगाव आहे, हडपसरला बिनइंजिनाच्या ग्लायडरचं केंद्र आहे, आणि डोंगरापलीकडं पुरंदरला नवीन विमानतळाची तयारी चालू आहे. म्हणून चेलाडी फाट्यावर चहा पिणाऱ्या माणसालाही हे माहीत असलेलं बरं.

इंजिन बंद, पण विमान चालू

विमान हवेत तरंगतं ते पंखांमुळं. इंजिनाचं काम त्याला पुढं ओढायचं. कात्रजच्या जुन्या घाटातून खाली येणारा सायकलवाला पायडल मारत नाही, तरी सायकल पळते, कारण उतार तिला ओढतो. इंजिन बंद पडलेलं विमानही असंच नाक थोडं खाली करून हवेतल्या हवेत उतारावरून यावं तसं येतं. जोवर वेग आहे तोवर पंख धरून ठेवतात. वळवायच्या पट्ट्या सेसनासारख्या विमानात तारांनी ओढल्या जातात, त्यांना इंजिन लागत नाही, त्यामुळं विमान वळतंही.

हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये तर इंजिनच नसलेली विमानं उडतात. हे केंद्र डीजीसीए स्वतः चालवतं. विंचच्या तारेनं पतंगासारखं ओढून ग्लायडर वर नेतात, तार सोडतात, आणि मग ते घारीसारखं फिरत खाली येतं. २००९ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर ज्या पायलटनं दोन्ही इंजिनं गेलेलं मोठं प्रवासी विमान उतरवलं, त्या सलनबर्गरला ग्लायडर चालवायची सवय होती. पक्षी इंजिनात गेल्यापासून पाण्याला टेकेपर्यंत त्याला साडेतीन मिनिटंच मिळाली. विमानात १५५ जण होते आणि सगळे वाचले.

आता हेच गणित नसरापूरवर मांडून बघू. सेसना १५२ म्हणजे दोन सीटचं, पूर्ण भरून साडेसातशे किलोच्या आसपास वजनाचं विमान. इंजिन ११० हॉर्सपॉवरचं, म्हणजे आपल्याकडच्या दोन ट्रॅक्टरांच्या बरोबरीचं. इंजिन गेल्यावर याला ताशी साधारण ११० किलोमीटरचा वेग धरून घसरू दिलं, तर एक फूट खाली येताना ते नऊ फूट पुढं जातं. वारा नसेल तेव्हाचा हा हिशोब आहे.

समजा पायलटच्या समोरच्या घड्याळात उंची ४,५०० फूट दिसते आहे. ऐकायला खूप वाटते. पण ही उंची समुद्रापासूनची आहे. नसरापूरची जमीनच समुद्रापासून दोन हजार फुटांच्या वर आहे. म्हणजे बनेश्वरच्या देवळावर असताना पायाखाली खरी उंची राहिली २,४०० फुटांच्या आसपास. मिनिटाला पावणेसातशे फूट खाली, म्हणजे हातात साडेतीन मिनिटं आणि साडेसहा किलोमीटर. दक्षिणेला कापूरहोळ गाठता येईल, उत्तरेला खेड शिवापूरच्या अलीकडंच विमान जमिनीला लागेल. आणि पश्चिमेला? राजगडचा बालेकिल्ला समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांवर आहे, तोरणा त्याहून थोडा उंच. म्हणजे घड्याळात ४,५०० दाखवणारं विमान वेल्ह्याकडं गेलं तर किल्ला त्याच्या डोळ्यासमोर येतो, पायाखाली नाही. अशा वेळी शहाणा पायलट डोंगराकडं पाठ करून खोऱ्याकडं, हायवेच्या बाजूला वळतो.

‘स्टॉल’ म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे

गाडीच्या भाषेत स्टॉल झाली म्हणजे इंजिन बंद पडलं. विमानाच्या भाषेत या शब्दाचा अर्थ वेगळा आहे, आणि बातम्यांमध्ये बऱ्याचदा इथंच घोळ होतो. पंखावरून हवा सरळ वाहत असते म्हणून पंख विमानाला उचलून धरतो. वेग फार कमी झाला आणि नाक फार वर उचललं, की ती हवा पंखाला सोडून देते. पंख एकदम निकामी होतो. याला स्टॉल म्हणतात. इंजिन जोरात चालू असतानाही तो होऊ शकतो. सेसना १५२ मध्ये साधारण ६५ ते ७५ किलोमीटरच्या खाली वेग गेला की ही वेळ येते.

इंजिन बंद पडल्यावर जीव जातात ते बऱ्याच वेळा इथं. चांगलं रान थोडं पुढं दिसतंय, विमान तिथवर पोचेल असं वाटत नाही, मग माणसाचा हात आपोआप दांडी मागं ओढतो, नाक वर करतो. वाटतं, थोडं लांब जाईल. होतं उलटं. वेग मरतो, एक पंख आधी सोडून देतो, आणि विमान गिरकी घेत खाली येतं. याला उतरवणं म्हणत नाहीत, हे खरं कोसळणं. म्हणून प्रशिक्षणात पहिल्या दिवसापासून घोकून घेतात की इंजिन गेलं तर आधी नाक खाली, आधी वेग, बाकी सगळं नंतर.

याच कारणानं, धावपट्टीवरून उडाल्या उडाल्या इंजिन गेलं तर मागं वळायचं नाही, समोर जे असेल त्यात उतरायचं, असं शिकवतात. मागं धावपट्टी दिसत असते, मोह होतो. पण तीन-चारशे फुटांवरून पूर्ण वळायला जेवढी उंची लागते तेवढी नसते. वळताना पंख कलतो, स्टॉल लवकर येतो. विमानतळाच्या टोकाला वस्ती वाढू देऊ नये असं जे म्हणतात, त्याचं हेही एक कारण आहे. समोर मोकळं रान राहिलं तर पायलटला काहीतरी उरतं.

इंजिन का बंद पडतं?

ज्यानं ट्रॅक्टर, पंप किंवा जुनी बुलेट हाताळली आहे, त्याला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. इंजिनाला हवा, पेट्रोल आणि ठिणगी लागते. तिन्हीपैकी एक तुटलं की संपलं.

ठिणगीची काळजी विमानात फार घेतलेली असते. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, आणि त्यांना ठिणगी द्यायला दोन वेगळे मॅग्नेटो. बॅटरी पूर्ण उतरली तरी इंजिन चालू राहतं. उडायच्या आधी पायलट एकेक मॅग्नेटो बंद करून बघतो, दुसऱ्यावर इंजिन नीट चालतं का ते.

पेट्रोलचा प्रश्न जास्त वेळा येतो. टाकी पंखात असते. रात्री गार, दिवसा गरम असं होत राहिलं की टाकीत दव धरतं आणि पाणी तळाशी बसतं. ट्रॅक्टरच्या डिझेल फिल्टरच्या वाटीत पाणी साचतं ना, तसंच. म्हणून प्रत्येक दिवशी उडण्याआधी पंखाच्या खालून थोडं पेट्रोल एका पारदर्शक कपात काढून उजेडाकडं धरून बघायचं असतं. पावसाळ्यात तर नक्कीच. आणि काही वेळा कारण याहूनही साधं असतं, पेट्रोलच संपतं. १९८३ मध्ये कॅनडात एका मोठ्या प्रवासी विमानात इंधन मोजताना किलो आणि पौंडाचा घोटाळा झाला, लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहून कमी भरलं गेलं, आणि दोन्ही इंजिनं आकाशात बंद पडली. ते विमान घसरत गिमली नावाच्या गावाच्या जुन्या धावपट्टीवर उतरलं. तिथं त्या दिवशी गाड्यांच्या शर्यती चालू होत्या. कुणाचा जीव गेला नाही.

तिसरं कारण ऐकून खोटं वाटेल. भर पावसाळ्यात, बाहेर २५ डिग्री असताना, इंजिनात बर्फ होतो. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा जोरात जाते आणि पेट्रोलची वाफ होते, तेव्हा तिथलं तापमान एकदम उतरतं. हवेत दमटपणा असेल तर तो तिथंच गोठतो. गळा हळूहळू बंद होतो, इंजिन धापा टाकतं, ताकद कमी होत जाते. मधे तपासायला खोललं तर काही सापडत नाही, कारण बर्फ वितळून गेलेला असतो. यावर उपाय म्हणून एक खटका असतो. तो ओढला की सायलेन्सरजवळची गरम हवा कार्बोरेटरला मिळते. म्हणून इंजिन कुरकुरलं की पायलटचा हात आधी या खटक्याकडं जातो, मग पेट्रोलचा कॉक, मग मिश्रणाचा दांडा, मग मॅग्नेटोची चावी. बऱ्याच वेळा पंखा हवेनं फिरतच असतो, त्यामुळं कारण दूर झालं तर इंजिन परत धरतं. पण हे सगळं करताना विमान खाली येतच असतं. ठरावीक उंचीनंतर इंजिनाचा नाद सोडून द्यायचा आणि रानाकडं बघायचं.

वरून कुठलं रान चांगलं दिसतं?

आधी वारा. उतरायचं ते वाऱ्याला तोंड देऊन. कारण सोपं आहे. विमान ७० च्या वेगानं टेकतंय आणि समोरून २० चा वारा आहे, तर जमिनीशी वेग राहतो ५०. तोच वारा पाठीमागून असेल तर ९०. आणि धडकेचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. ५० आणि ९० मध्ये हा जोर तिपटीहून जास्त होतो. किरकोळ दुखापत आणि मोठा अपघात यातला फरक एवढ्यात असू शकतो. वारा कुठून आहे हे पायलटला वरून कळतं ते देवळाच्या कळसावरच्या झेंड्यावरून, चुलीच्या किंवा वीटभट्टीच्या धुरावरून, तळ्याच्या पाण्यावरच्या लाटांवरून, उभ्या पिकाच्या झुलण्यावरून. आपल्याकडं पावसाळ्यात वारा वेल्ह्याकडून येतो, म्हणजे पश्चिमेला तोंड करून उतरावं लागतं, आणि नेमके तिकडंच डोंगर. या भागाची ही अडचण आहे.

मग जमीन. भोर-वेल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात भाताची खाचरं. जुलै-ऑगस्टमध्ये वरून ती हिरवीगार, सपाट गालिच्यासारखी दिसतात. खाली गुडघाभर चिखल असतो आणि पन्नास-साठ फुटांवर बांध. पुढचं चाक रुतलं की विमान नाकावर उभं राहून उलटं होतं. उसाचं तर त्याहून फसवं. दहा फुटांचा ऊस वरून जमिनीसारखाच दिसतो, पायलट उसाच्या शेंड्यांना जमीन समजतो. तरी उंच पिकात उतरायची वेळ आलीच तर शेंड्यांवर अगदी कमी वेगानं टेकवतात, पीक विमानाला थोडं झेलतं. सगळ्यात बरं म्हणजे पड रान, माळ, किंवा काढणी झालेलं, वाळलेलं, मोठं वावर. नांगरलेलं असेल तर तासाच्या दिशेनं उतरायचं, आडवं कधीच नाही.

हायवे का नको, असं कुणीही विचारेल. पुणे-सातारा रस्ता सरळ आहे, रुंद आहे. पण चेलाडीपासून खेड शिवापूरपर्यंत त्यावर दिवसा कधी रिकामी जागा दिसते का? ट्रक, दुभाजक, पूल, दिव्यांचे खांब, कमानी, दिशादर्शक फलक. एका विमानातल्या दोघांना वाचवायला जाऊन एसटीतले चाळीस जण धोक्यात घालायचे का, हा प्रश्न पायलटलाही शिकवलेला असतो. राजस्थानात बाडमेरजवळ हायवेवर हवाई दलाची विमानं उतरतात हे खरं, पण तो तुकडा मुद्दाम त्यासाठी बांधलेला आहे आणि तेव्हा वाहतूक बंद ठेवतात.

भाटघरचं पाणी मोकळं आणि सपाट दिसतं. पण या छोट्या विमानांची चाकं आत जात नाहीत. चाक पाण्याला लागलं की तिथंच अडकतं आणि विमान पालथं पडतं. पाण्यात उतरायचंच झालं तर काठाजवळ, पोहून येता येईल इतक्या अंतरावर.

अलीकडं एक नवीनच सापळा तयार झालाय, तो म्हणजे हायवेलगतचं प्लॉटिंग. डोंगर फोडून सपाट केलेली जागा, मधून आखलेला सरळ मुरमाचा रस्ता. हजार फुटांवरून ही जागा धावपट्टीसारखीच वाटते. शंभर फुटांवर आल्यावर दिसतात ते सिमेंटचे खांब, काटेरी तारा आणि प्लॉटच्या हद्दीचे दगड. तोवर दुसरीकडं जायला उंची उरलेली नसते.

आणि या सगळ्यांहून वाईट म्हणजे विजेच्या तारा. तार वरून दिसतच नाही. पायलट तार शोधत नाही, खांब शोधतो, आणि दोन खांबांच्या मधे तार आहेच असं धरून चालतो. मोठ्या टॉवर लाईनवर काही ठिकाणी जे नारिंगी-पांढरे गोळे लावलेले दिसतात, ते यासाठीच असतात. कृषिपंपाच्या लाईनवर ते नसतात. उघडी विहीर आणि शेततळंही असंच, जवळ आल्यावरच कळतं.

टेकण्याआधी पायलट पेट्रोल बंद करतो, ठिणगी बंद करतो, शेवटी बॅटरीचा मेन स्विच बंद करतो, म्हणजे आग लागायचं कारण कमी होतं. आणि दार आधीच उघडून ठेवतो. सांगाडा वाकला तर दार अडकतं, आतला माणूस आतच राहतो, म्हणून.

पहिला अर्धा तास गावाचा

रेडिओवर ‘मेडे’ हा शब्द तीनदा बोलून पायलटनं मदत मागितलेली असेल, विमानातलं संकट-सिग्नलचं यंत्रही चालू झालेलं असेल. तरी रानात पहिला पोचणार तो शेजारच्या वावरातला माणूस.

१६ जुलै २०२१ ला जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यातल्या वर्डीजवळ, सातपुड्याच्या डोंगरात, शिरपूरच्या संस्थेचं प्रशिक्षण विमान कोसळलं. शिक्षक पायलट जागीच गेले, शिकणारी मुलगी गंभीर जखमी झाली. तिथवर गाडी जाईल असा रस्ता नव्हता. आसपासच्या आदिवासी पाड्यांवरची माणसं धावली. साडीची झोळी करून, बांबूला बांधून त्यांनी त्या मुलीला पावसाच्या चिखलातून डोंगर उतरवत खाली आणलं. त्यांच्याकडं कसलंही साधन नव्हतं.

तेव्हा असं विमान खाली येताना दिसलं तर काय? एक लक्षात ठेवायचं, इंजिन बंद असेल तर आवाज येत नाही, फक्त वाऱ्याची शीळ. म्हणून ते मागून येऊन कधी डोक्यावर आलं हे कळत नाही. दिसलं तर त्याच्या येण्याच्या रेषेत पळायचं नाही, बाजूला व्हायचं. ‘इकडं उतर, इकडं उतर’ करत मोकळ्या रानाच्या मधोमध हात हलवत उभं राहणं म्हणजे पायलटची एकुलती एक जागा आपणच अडवणं.

विमान थांबल्यावर पहिला फोन ११२ किंवा १०८ ला. गट नंबर आपल्याला पाठ असतो, पण ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला त्याचा उपयोग नाही. मोबाईलवरून लोकेशन पाठवायचं आणि एका पोराला मोटरसायकल देऊन फाट्यावर उभं करायचं, गाडीला वाट दाखवायला. राजगड पोलीस ठाणं नसरापुरातच आहे, तिकडंही कळवायचं. तारा तुटून पडल्या असतील तर वायरमनला फोन करून लाईन बंद केल्याची खात्री होईपर्यंत विमानाला हात लावायचा नाही. पत्र्याच्या सांगाड्यात करंट उतरलेला असू शकतो.

छोट्या विमानात असतं ते पेट्रोलच, आणि सेसनामध्ये ते माणसांच्या डोक्यावर, पंखात असतं. भरलेली टाकी नव्वदहून जास्त लिटरची. टाकी फुटली असेल तर जवळ जाताना वाऱ्याच्या पाठीकडून जायचं, म्हणजे वाफ अंगावर येत नाही. बिडी, काडी, चालू मोटरसायकल लांब. आग लागली तर बादलीभर पाणी मारू नये, पेट्रोल पाण्यावर तरंगून आग पसरते. माती टाकावी, ओली गोणपाटं टाकावीत. पुढचा पंखा थांबलेला दिसला तरी त्याला हात लावायचा नाही, त्याच्या समोर उभंही राहायचं नाही. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, स्विच चालू राहिला असेल तर नुसत्या धक्क्यानं पंखा अर्धा फेरा मारतो आणि हात जातो. काही नवीन विमानांत सांगाड्याला बांधलेलं मोठं पॅराशूट असतं आणि ते बाहेर फेकायला छोटं रॉकेट. सांगाड्यावर धोक्याचं चित्र दिसलं तर तिथं कोयता, करवत चालवू नये.

आतल्या माणसाला ओढून काढायची घाई कधी करायची? आग असेल, पेट्रोल गळत असेल, विमान पाण्यात असेल, तर लगेच, पट्टा कापून. यातलं काहीच नसेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर त्याला हलवू नये. अशा धडकेत मणक्याला मार बसलेला असतो, मान वाकडी झाली तर कायमचं अधूपण येतं. मान दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवायची, बोलत राहायचं, ॲम्ब्युलन्सची वाट बघायची. पाणी, चहा पाजू नये, ऑपरेशन लागलं तर अडचण होते.

गर्दीचं काय करायचं हे सरपंच, पोलीस पाटील यांनी पहिल्या दहा मिनिटांत ठरवायला हवं. आपल्या शिवाररस्त्यावरून एका वेळी एकच गाडी जाते. बघायला आलेल्या पन्नास मोटरसायकली तिथं लागल्या की ॲम्ब्युलन्स फाट्यावरच अडकते. रील करणाऱ्या पोरांना हाकलण्यापेक्षा एक काम द्यावं, लांबून चारी बाजूंनी फोटो काढून ठेवायचं. ते पुढं कामाला येतात.

कारण चौकशी होते. विमान अपघात तपास विभाग, म्हणजे एएआयबी, आणि डीजीसीएची माणसं येतात, आणि विमान जसं पडलं तसंच त्यांना हवं असतं. माणसांना वाचवण्यासाठी जे तोडावं, हलवावं लागेल ते करायला नियमांनी मोकळीक आहे, त्यापलीकडं काही हलवायचं नाही. पंख्याची पाती कशी वाकली आहेत यावरून टेकताना इंजिन चालू होतं की बंद हे जाणकाराला कळतं. चालू असेल तर पाती पिळल्यासारखी वाकतात, बंद असेल तर बहुतेक एकच पातं मागं वाकतं. पेट्रोलचा कॉक, गरम हवेचा खटका कुठल्या जागेवर होता हेही पुरावाच असतं. कुणी सहज खटका हलवून बघितला, किंवा आठवण म्हणून एखादा तुकडा घरी नेला, तर इंजिन का बंद पडलं याचं उत्तर कायमचं जाऊ शकतं, आणि तोच दोष असलेलं दुसरं विमान उद्या परत उडतं.

ज्याच्या वावरात हे घडलं त्याचं पीक तर गेलेलंच असतं. विमानाखाली थोडं जातं, बघ्यांच्या पायाखाली जास्त, आणि नंतर विमानाचे पंख सोडवून ते ट्रकवर चढवायला क्रेन आली की उरलेलंही. म्हणून क्रेन येण्याआधीच तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, बोलावून नुकसानीचा पंचनामा करून घ्यावा. किती गुंठे, कुठलं पीक, पाईपलाईन किंवा ठिबक तुटलं का, बांध फुटला का, सगळं फोटोसकट लिहून घ्यावं, आणि त्याची एक प्रत आपल्याजवळ ठेवून मगच ट्रकला रानात येऊ द्यावं.